मधुमेह नसताना रक्तातील साखर थोडी वाढलेली असेल, तर हृदयविकाराचा धोका असतो का?

उपाशीपोटी साखर 98 आणि एचबीएवनसी (मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 5.9 आल्यावर ‘मधुमेह नाही’ एवढ्यावर निश्चिंत राहावे का, असे आपण विचारले आहे. घाबरण्याचे कारण नाही; तरी मी निश्चिंत राहणार नाही.

एचबीएवनसीची 6.5 ही मधुमेहाची सीमा मुख्यतः डोळ्यांच्या पडद्याला होणाऱ्या इजेवरून ठरली आहे, आणि हृदयविकाराचा धोका त्याच्या बराच आधीपासून चढू लागतो. अमेरिकेत मधुमेह नसलेल्या अकरा हजारांहून अधिक प्रौढांच्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 5 ते 5.5 या गटाच्या तुलनेत 5.5 ते 6 या गटात हा धोका 23 टक्के, तर 6 ते 6.5 या गटात 78 टक्के अधिक आढळला. वय, धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचा परिणाम वेगळा काढल्यानंतरचे हे आकडे आहेत. अर्थात 23 टक्के म्हणजे शंभरातील तेवीस जण नव्हेत. दहा वर्षांतला मूळ धोका शंभरात चार असेल, तर तो पाचच्या आसपास जातो.

मात्र केवळ साखरेचा आकडा खाली आणल्याने हृदय वाचते, असे दिसलेले नाही. 2012 सालच्या ‘ओरिजिन’ चाचणीत मधुमेहपूर्व अवस्थेतील (साखर वाढलेली, पण मधुमेहाच्या सीमेखाली असलेल्या) व मधुमेहाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील लोकांना इन्सुलिन देऊन उपाशीपोटी साखर आटोक्यात ठेवली, तरी सुमारे सहा वर्षांत हृदयविकार कमी झाले नाहीत. याउलट चीनमधील दाचिंग येथे 1986 पासून सहा वर्षे आहार आणि व्यायामावर भर दिलेल्या गटात तीस वर्षांनंतर हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार 26 टक्क्यांनी कमी होते. म्हणून या आकड्याकडे मी इशारा म्हणून पाहतो आणि रक्तदाब, एलडीएल (अपायकारक कोलेस्टेरॉल), ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी), तंबाखू व पोटाचा घेर यांचा हिशेब त्याच वेळी मांडावा, असे सुचवतो.

वजन योग्य आहे, यावर विसंबू नये. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली आपले आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचे उदाहरण मांडले होते: दोघांचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचे माप) 22.3, पण शरीरातील चरबी सहकाऱ्याची सुमारे 9 टक्के आणि याज्ञिकांची 21 टक्के.

हिमोग्लोबिनही अवश्य तपासावे, कारण लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असल्यास एचबीएवनसी प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकते. तसे आढळल्यास ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी अधिक विश्वासार्ह ठरेल.