विषाणूचा ‘शुद्ध वाण’ का मिळत नाही

नेरुळच्या ताईंनी गच्चीवरील टोमॅटोसाठी आणलेल्या एचएएनपीव्हीच्या (म्हणजे फळे पोखरणाऱ्या घाटेअळीला मारणाऱ्या विषाणूच्या) बाटलीविषयी दोन प्रश्न विचारले आहेत: उत्पादक त्यातला एकच जोमदार वाण निवडून का विकत नाहीत, आणि तोच विषाणू दर हंगामात फवारला तर अळी त्याला दाद देईनाशी होईल का. मी ठाण्यात हा विषाणू तयार करणाऱ्या एका लहान प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले असल्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

घाटेअळी हरभऱ्याच्या पिठाच्या खाद्यावर, एका कप्प्यात एकच, अशी वाढवावी लागते; शेजारी ठेवल्या तर त्या एकमेकींनाच खातात. खाद्यावर विषाणू लावला की साधारण आठवडाभरात अळी मलूल होते, फिकट पडते आणि तिची कातडी इतकी नाजूक होते की चिमट्याचा धक्का लागताच फाटून आतला दुधट द्रव सांडतो. त्या वासाची सवय मला निवृत्तीपर्यंत झाली नाही. त्या द्रवात सूक्ष्म प्रथिनकण असतात आणि प्रत्येक कणात अनेक विषाणू बंदिस्त असतात. बाटलीवरचे एक एल.ई. (लार्व्हल इक्विव्हॅलंट, म्हणजे एका अळीइतके माप) म्हणजे असे ६०० कोटी कण.

हे सगळे विषाणू एकसारखे नसतात. स्कॉटलंडमधील पाइन वृक्षांवरच्या एका पतंगाच्या एकाच अळीतून विषाणूची जनुकीयदृष्ट्या वेगळी अशी २४ रूपे वेगळी करण्यात आली होती. त्याहून बोलके उदाहरण निकाराग्वाचे आहे. तिथल्या मक्यावरील लष्करी अळीच्या (जी २०१८ मध्ये आपल्याकडेही येऊन पोचली) विषाणूत नऊ रूपे सापडली आणि त्यांपैकी काहींमध्ये आतड्यातून आत शिरण्यासाठी लागणारी जनुकेच गळालेली होती. अशी रूपे एकटी खाऊ घातली तर अळीला काही होत नाही. तरीही संपूर्ण जनुकसंच असलेले रूप एकटे वापरले, तर ते मूळ मिश्रणापेक्षा कमी मारक ठरले. तुटकी रूपे त्याच कणात योग्य प्रमाणात परत मिसळल्यावर ताकद भरून आली. म्हणजे जे गाळ म्हणून फेकून द्यावेसे वाटते, तेही कामाचे असते. आमचे वरिष्ठ पुढच्या बॅचसाठी एकाच टपोऱ्या अळीचा अर्क घेऊ देत नसत, अनेक अळ्यांचा एकत्र करायला लावत. तेव्हा मला तो निव्वळ हट्ट वाटे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सफरचंदाच्या बागांत मिळते. सफरचंद पोखरणाऱ्या कॉडलिंग मॉथवर युरोपभर वापरला जाणारा विषाणू मेक्सिकोत सापडलेल्या एकाच नमुन्यातून आला होता आणि त्यात विविधता फारच थोडी होती. या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनी आणि फ्रान्समधील काही बागांत तो चालेनासा झाला. तिथल्या अळ्या हजारपटीने प्रतिकारक निघाल्या. तो प्रतिकार झेड या लिंगगुणसूत्रावर होता आणि मादीकडे ते गुणसूत्र एकच असल्याने प्रतिकारक होण्यासाठी तिला जनुकाची एकच प्रत पुरत होती. उपाय मात्र विषाणूंतच मिळाला. इराण, इंग्लंड वगैरे ठिकाणच्या नमुन्यांनी त्या अळ्या पुन्हा मारल्या. मेक्सिकन विषाणूच्या पीई३८ या जनुकात असलेला एक लहानसा जादा तुकडा या प्रतिकाराशी जोडलेला असल्याचे २०१४ मध्ये दाखवण्यात आले.

गच्चीवरच्या दहा-बारा कुंड्यांमुळे असे काही घडणार नाही. घाटेअळीचे पतंग लांबवर उडतात आणि बाहेरच्यांशी मिसळतात. अळ्या मरत नसतील, तर आधी अळी कोणती आहे ते बघा: तंबाखूची पाने खाणारी स्पोडोप्टेरा असेल तर एचएएनपीव्हीचा तिच्यावर उपयोग होत नाही, तिच्यासाठी एसएलएनपीव्ही लागतो. घाटेअळीच असेल तर ती हरभऱ्याच्या दाण्याहून मोठी होण्याआधी, ऊन पूर्ण उतरल्यावर, द्रावणात थोडी नीळ घालून फवारा, कारण नवी मुंबईच्या उघड्या गच्चीवरील दुपारच्या उन्हात कोणताही वाण फार काळ तग धरत नाही. बोटभर झालेल्या अळ्या हाताने वेचणेच सोयीचे.