वाचकांचे प्रश्न : लांब पळावं की स्प्रिंट मारावेत?

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज पहाटे 5 कि.मी. 24 मिनिटांत पळतो, पण 1600 मीटर काही 6 मिनिटांच्या आत येत नाही. ग्राउंडवरची मुलं म्हणतात, लांब पळणं सोड, नुसते स्प्रिंट मार. सोडू का? – एक वाचक, बीड

उत्तर : सोडू नका, हळू करा. 24 मिनिटं म्हणजे किलोमीटरला 4 मिनिटं 48 सेकंद. तुमच्या आजच्या दमाला हा वेग ना धड आरामाचा, ना धड कसाचा. त्यात रोज थोडा थकवा साठतो आणि खरा जोर लावायच्या दिवशी पाय जड असतात. 1600 मीटरला लागणारी बहुतेक ऊर्जा प्राणवायूच्या जोरावर तयार होते. ती क्षमता नुसत्या 100 मीटरच्या स्प्रिंटने फारशी वाढत नाही.

आठवड्यातून तीन दिवस बोलता बोलता पळता येईल इतकं संथ पळा, किलोमीटरला साधारण साडेपाच मिनिटं. त्यातल्या एका दिवशी 8 कि.मी. करा. मंगळवारी 400 चे रिपीट घ्या: 15 मिनिटं वॉर्मअप, मग 400 मीटर 90 सेकंदांत, 2 मिनिटं चालत-जॉग करत दम खायचा, असे 6. सुरुवात 90 ने करायची, कारण तुमचा आजचा 6 मिनिटांचा वेग तोच आहे. पहिला रिपीट 82 आणि शेवटचा 97 आला, तर वर्कआउट फसला. सहाही एक-दोन सेकंदांच्या फरकात बसले, की पुढे 88, मग 86. एखादा 3 सेकंदांहून जास्त घसरला, तर त्या दिवशी तिथेच थांबा. भरतीत 1600 मीटरला पूर्ण 20 गुणांचं 5 मिनिटं 10 सेकंदांचं टायमिंग म्हणजे 400 मीटरच्या राउंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. ते एका महिन्यात गाठायचा हट्ट धरू नका.

स्प्रिंट शुक्रवारी, आणि ते भरतीतल्या 100 मीटर धावण्याच्या गुणांसाठी. 60 मीटर 5 वेळा, मध्ये पूर्ण 3 ते 4 मिनिटं विश्रांती. मुलं इथेच चुकतात: चालत परत येतात आणि लगेच सुटतात. मग तिसऱ्यापासून वेग पडतो आणि स्प्रिंटची नुसती दमछाक होते. थंडीच्या पहाटे अंग तापवल्याशिवाय फुल्ल मारलं, तर मांडीमागचा हॅमस्ट्रिंग धरतो. पाय पुढे फेकून जमिनीवर येतानाच त्यावर सर्वांत जास्त ताण येतो. उरलेल्या दोन दिवसांपैकी निदान एक दिवस पूर्ण विश्रांती हवीच. नडगी दुखू लागली, तर डांबरी रस्ता सोडून मातीवर या आणि आठवडाभर रिपीट बंद ठेवा.

भरतीत सगळे एकदम सुटतात आणि पहिले 200 मीटर उधळतात. त्यांच्यामागे जाऊ नका; तिसऱ्या राउंडला त्यातले बरेच जण मागे पडलेले दिसतील.

प्रश्न : वय 52. रोज अर्धा तास चालते. मुलगा म्हणतो, 4 मिनिटांचा टाबाटा (थोडा वेळ जोरात, थोडी विश्रांती असा व्यायाम) केला तर चालण्याची गरजच नाही. बीपीची गोळी सुरू आहे. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : चालणं सोडू नका. इझुमी टाबाटा यांचा 1996 चा मूळ प्रयोग शारीरिक शिक्षणाच्या तरुण विद्यार्थ्यांवर, व्यायामाच्या सायकलवर झाला. 20 सेकंद जीव तोडून, 10 सेकंद विश्रांती, शेवटी पाय फिरेनासे होईपर्यंत. त्यातही आठवड्यातला एक दिवस 30 मिनिटांच्या सलग व्यायामाचा होता. घरी चार मिनिटं उड्या मारणं म्हणजे तो व्यायाम नव्हे.

डॉक्टरांना विचारून आठवड्यातून एकदा टेकडीवर हे करा: 10 मिनिटं सपाटीवर, मग 2 मिनिटं चढ झपझप, 3 मिनिटं रमत, असं 4 वेळा. जमलं की झपझप चालण्याची मिनिटं हळूहळू 4 पर्यंत न्या. चढावर चालताना पळण्यापेक्षा गुडघ्याला धक्का कमी बसतो आणि दम तर लागतोच. बीपीच्या काही गोळ्या नाडीचा वेग दाबून ठेवतात, म्हणून घड्याळातल्या ठोक्यांवर जाऊ नका. एका दमात तीन-चार शब्दच निघाले, की जोर पुरेसा झाला. छातीत दडपण आलं किंवा गरगरलं, तर लगेच थांबा, चढ पुरा करायच्या मागे लागू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.