लेन्स फोकस होईना, म्हणून कंपनी बदलू?

प्रश्न : माझ्याकडे निकॉनचा डी ३४०० आहे. सोबतच्या १८-५५ आणि ७०-३०० या दोन लेन्स. घरगुती लग्नं, मुंजी, बारशी यांच्या ऑर्डरी आता मिळू लागल्या आहेत, म्हणून वरचा कॅमेरा घ्यायचा आहे. वडिलांची जुनी ५० एमएम १.८ डी लेन्स लावून पाहिली, तर ऑटोफोकसच होत नाही. दुकानदार म्हणाला, "कॅननवर या, त्यात स्किनटोनही चांगला येतो." जुन्या बाजारातला कॅनन ८०डी घेऊ की निकॉन डी ७५००? व्हिडिओ क्वचितच काढते.
— एक वाचक, फलटण

उत्तर : ताई, आधी वडिलांच्या लेन्सवरचा आळ काढू. ती बिघडलेली नाही आणि कॅमेराही धडधाकट आहे. 'डी' मालिकेतल्या त्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. कॅमेऱ्यातली मोटर माउंटमधल्या (लेन्स जिथे बसते त्या कड्यातल्या) छोट्या स्क्रूने तिला फिरवते. डी ३४०० हलका आणि स्वस्त ठेवायचा म्हणून त्यात ती मोटरच दिलेली नाही. डी ७२०० आणि डी ७५०० मध्ये आहे. तोवर लेन्सवरची अपर्चरची (प्रकाश आत येण्याच्या छिद्राची) रिंग २२ वर लॉक करा, फोकस हाताने फिरवा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डावीकडे हिरवा ठिपका स्थिर झाला की बटण दाबा. बारशाच्या पाळण्याशी एवढा वेळ मिळतो.

स्किनटोनचं म्हणाल, तर दोन्ही कंपन्यांच्या जेपेगचा (कॅमेऱ्यातून तयार होऊन येणाऱ्या फोटोचा) रंग थोडा वेगळा असतो, हे खरं. पण हळदीच्या मांडवात पिवळं कापड, पिवळी साडी आणि वर पिवळे बल्ब असताना कुठल्याही कंपनीचा ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा आपोआप रंग जुळवतो तो) गोंधळतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेल्या फाइलमध्ये) काढा, पहिल्या फोटोत कुणाच्या तरी हातात पांढरा कागद द्या, नंतर त्यावरून रंग जुळवा. त्यासाठी नवा कॅमेरा लागत नाही.

मी वर्तमानपत्रात असताना एकदा कंपनी बदलली होती. सहकाऱ्याचा कॅमेरा हातात घेतला, आवडला, एवढंच कारण. लेन्स पडेल भावात विकल्या. त्यानंतर पालखी आली. तरडगावजवळच्या चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, दोन्ही बाजूंना वारकरी, मधून अश्व दौडत येतोय आणि माझा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने झूम फिरवतोय. निकॉन आणि कॅननच्या झूमच्या रिंगा एकमेकींच्या उलट फिरतात! अश्व जवळ आला तेव्हा माझी लेन्स आणखी जवळ गेली. फोटोत नुसतं अंग आलं, मान बाहेर. संपादक काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

म्हणून माझं मत निकॉनचं. वडिलांची ५० एमएम तुमच्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर ७५ एमएमसारखी दिसते, नवरीच्या चेहऱ्यासाठी झकास. ती पुन्हा कामाला लागेल. मात्र डी ७५०० आंधळेपणाने घेऊ नका. त्यात कार्ड एकच. ८०डी मध्येही एकच. डी ७२०० जुना, २०१५ चा, पण त्याला दोन कार्डं लागतात आणि एकाच वेळी दोन्हींवर फोटो उतरतात. मंगलाष्टकं पुन्हा म्हणता येत नाहीत, तेव्हा पैसे घेऊन काम करणाऱ्याला मी डी ७२०० च सुचवेन. त्यात एक अडचण आहे. तुमची ७०-३०० 'एएफ-पी' (फोकसची नव्या प्रकारची मोटर असलेली) असेल, तर डी ७२०० चं फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करावं लागतं आणि तरी काही सोयी कमीच मिळतात. विकणाऱ्यासमोर ती लेन्स लावून बघा. शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) विचारा, दोन्ही खाचांत कार्डं घालून दहा-वीस फोटो काढा, आणि लेन्सही घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च आरपार मारून बुरशी पाहा.

व्हिडिओ वाढणार असेल, तर मात्र दुकानदाराचा सल्ला चुकीचा नाही. ८०डी चा ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस स्क्रीनवर बघून काढताना चालत्या माणसाला शांतपणे धरून ठेवतो. डी ७२०० किंवा डी ७५०० तिथे पुढे-मागे चाचपडतात.

कॅननकडे गेलातच, तरी ५० एमएम विकू नका. निकॉनच्या माउंटपासून सेन्सर ४६.५ मिलिमीटरवर, कॅननच्या ४४ वर. या अडीच मिलिमीटरच्या फरकात एक पातळ रिंग बसते आणि वडिलांची लेन्स कॅननवर लागते. फोकस तेवढा हातानेच फिरवायचा, तो तर तुम्हाला आता जमायला लागेलच.