मैदान किती पावलांवर आहे?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचे पत्र आले आहे. त्या लिहितात: "आमच्या मुलाला अमेरिकन सैन्यात अधिकारी व्हायचे आहे. आर्मी आरओटीसीची (कॉलेजात शिकतानाच सैन्याधिकारी घडवणारे प्रशिक्षण) चार वर्षांची शिष्यवृत्ती त्याला मिळाली आहे आणि ती कोलंबिया, रटगर्स किंवा व्हर्जिनिया टेक यांपैकी कोठेही वापरता येईल, असे कळले आहे. ह्यांचे म्हणणे असे, की शिक्षणशुल्क सैन्यच भरणार असेल तर कोलंबियासारखे नाव सोडून रटगर्सला जाण्यात कोणते शहाणपण? त्यातच मुलाला लहानपणी दमा होता, पुण्याला सासूबाईंनी अबोला धरला आहे, आणि पुढे ओसीआय कार्डाचे (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) काय होईल, हेही कोणी सांगत नाही. मला रात्र रात्र झोप लागत नाही."

ताई, तुमच्या झोपेचे पुढे पाहू. माझ्यासमोर आधी प्रश्न आहे तो तुमच्या मुलाच्या झोपेचा, आणि तिच्याविषयी तुमच्या दोन पानी पत्रात एक ओळसुद्धा नाही.

आपण सारे ज्या घरांतून आलो, तेथे कॉलेजचे नाव हीच मिळकत होती; नावाच्या बळावर नोकरी, नोकरीच्या बळावर व्हिसा आणि व्हिशाच्या बळावर हे एडिसनचे घर. त्यामुळे तुमच्या यजमानांचे गणित मला समजते. फुकट मिळणार असेल तर दुकानातली सर्वांत महाग वस्तू उचलावी, हा हिशेब मीही केला होता. मात्र सैन्याच्या बाबतीत तो चुकतो, कारण कोलंबियाचा पदवीधर असो वा रटगर्सचा, सेकंड लेफ्टनंटच्या खांद्यावर तीच एक सोनेरी पट्टी चढते आणि पगारही तोच मिळतो. पायदळ, आर्मीचीच हवाई शाखा (एव्हिएशन) की सायबर, कोणती शाखा मिळेल आणि पूर्णवेळ सेवा मिळेल की नॅशनल गार्डमधली अर्धवेळ, हे ठरवणाऱ्या गुणानुक्रमात कॅडेटचे गुण, शारीरिक चाचण्या आणि फोर्ट नॉक्सच्या उन्हाळी शिबिरातील कामगिरी मोजली जाते. दोन मैलांची धाव कोणत्या विद्यापीठाचा टी-शर्ट घालून काढली, हे कोणी विचारत नाही.

म्हणून कॉलेज निवडताना पहिला प्रश्न एकच: मुलाच्या खोलीपासून आरओटीसीच्या पथकाचे, म्हणजे बटालियनचे, मैदान किती अंतरावर आहे?

आरओटीसी १९१६ च्या कायद्याने उभी राहिली, तरी प्रत्येक विद्यापीठात तिचे पथक नसते. जेथे पथक असते ते यजमान विद्यापीठ, आणि आसपासच्या कॉलेजांची मुले तेथे येऊन सामील होतात. त्याला येथे क्रॉसटाउन म्हणतात. माहितीपत्रकात दोघांपुढेही "आरओटीसी उपलब्ध" एवढेच छापलेले असते आणि आपण पालक तेवढ्यावर खूश होतो. कोलंबियाचेच पाहा. व्हिएतनाम युद्धाच्या काळातील आंदोलनानंतर १९६९ मध्ये तेथील नौदलाची आरओटीसी बंद झाली आणि २०११ मध्ये करार होऊन परतली. पण आर्मीचे कॅडेट आजही फोर्डम विद्यापीठाच्या बटालियनला जोडलेले असतात. स्टॅनफर्डची गोष्ट तर आणखी मजेची आहे: आर्मीसाठी सांता क्लारा, हवाई दलासाठी सॅन होजे स्टेट आणि नौदलासाठी खाडी ओलांडून थेट बर्कली. मुलगा एका विद्यापीठात शिकतो आणि कवायतीला दुसऱ्याच विद्यापीठात जातो.

आठवड्यातून किमान तीन दिवस पहाटे पीटी, एक दिवस लीडरशिप लॅब (नेतृत्वाचा सराव), शिवाय मिलिटरी सायन्सचे वर्ग आणि प्रत्येक सत्रात एखादा शनिवार-रविवार मैदानी सरावाचा, एवढे अभियांत्रिकीच्या अभ्यासाबरोबर पेलायचे असते. पीटी पहाटे सहाला सुरू होत असेल, तर शेजारच्या इमारतीत राहणारा मुलगा साडेपाचला उठतो आणि पलीकडच्या गावात राहणारा साडेचारला. हा एक तास चार वर्षे पीटीच्या प्रत्येक दिवशी कापला जातो आणि तो नेमका गुणांतून वजा होतो.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझ्या थोरलीला अशाच एका नावाजलेल्या कॉलेजात मी हट्टाने घातले. तिचे पथक बावीस मैलांवर होते. ज्या सीनिअर कॅडेटच्या गाडीतून ती जात असे, त्याने ऑक्टोबरात आरओटीसी सोडली आणि गाडी गेली. उरलेले सत्र ती सव्वाचारला उठून दोन बसगाड्या बदलत राहिली. डिसेंबरात घरी आली तेव्हा जेवता जेवता, हातात पोळीचा तुकडा असतानाच तिचा डोळा लागला. रसायनशास्त्रात जेमतेम सी मिळाला होता, आणि प्राध्यापकांनी प्रयोगशाळेतील उशिराची एकही सबब ऐकली नव्हती. शेवटी तिने राज्याच्या विद्यापीठात बदली करून घेतली, त्यासाठी शिष्यवृत्ती हलवण्याची परवानगी मिळवताना एक सत्र वाया गेले, आणि नव्या जागी मैदान वसतिगृहाच्या खिडकीतून दिसू लागल्यावर तिचे गुण आपोआप वर आले. आज ती सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन शाखेत, कॅप्टन आहे. आधीच्या कॉलेजचे नाव आमच्या घरात निघाले की ती माझ्याकडे पाहते आणि मी चहा टाकायला उठते.

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुभेदार होते. बराकीपासून परेडचे मैदान हाकेच्या अंतरावर असे, त्यात त्यांना कधी काही विशेष वाटले नाही. माझा पुतण्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत होता. तेथेही मुले सायकलींवरून वर्गाकडे पळतात, पण ती एकाच कुंपणाच्या आत. शिपाईगिरी शिकणाऱ्याला मैदानाजवळ ठेवावे, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. येथे आल्यावर मात्र आपण ते विसरतो.

आता तुमच्या तीन जागांकडे पाहा. व्हर्जिनिया टेकमध्ये आरओटीसीचा कॅडेट "कोअर ऑफ कॅडेट्स" या विद्यापीठाच्या सैनिकी शिस्तीच्या दलातच असतो. राहणे, खाणे, गणवेश सारे एकत्र, म्हणजे अंतर शून्य. परंतु मुलाला चोवीस तास सैनिकी शिस्तीत राहायचे आहे का, हे त्यालाच विचारा, आणि घर सात-आठ तासांवर राहील हेही धरून चाला. रटगर्सला आर्मीची स्वतःची बटालियन आहे, म्हणून माझा कल तिकडे. तरी तेथेही बेसावध राहू नका, कारण ते विद्यापीठ अनेक कॅम्पसांवर पसरलेले आहे. अभियांत्रिकी रॅरिटन नदीपलीकडच्या बुश कॅम्पसवर चालते, आणि पहाटेची पहिली बस केव्हा सुटते, हे खोली निवडण्याआधी पाहायला हवे. कोलंबियाला जायचेच असेल तर फोर्डमच्या बटालियनमध्ये सध्या असलेल्या कोलंबियाच्या कॅडेटशी मुलाने स्वतः बोलावे आणि विचारावे: किती वाजता उठतोस, किती वाजता परततोस, आणि मागच्या वर्षी तुमच्यापैकी किती जणांनी सोडले?

एक गोष्ट मनाला धीर देणारी आहे. चार वर्षांची शिष्यवृत्ती घेतली तरी दुसरे वर्ष सुरू होईपर्यंत मुलाला काही देणे न लागता बाहेर पडता येते. त्यानंतर मात्र तो सेवेला बांधला जातो. पहिले वर्ष अशी परीक्षा पाहण्यासाठीच असते, आणि ते जर बसथांब्यावरच संपले, तर त्याला सैन्य आवडले नाही की बस आवडली नाही, हे त्यालाही कळणार नाही.

बाकीच्या काळज्या थोडक्यात. दम्याची लक्षणे किंवा औषधे तेराव्या वाढदिवसानंतर नसतील तर अडचण येऊ नये. असतील तर वेव्हर, म्हणजे नियमातून सूट, मागावा लागेल. जुने वैद्यकीय कागद गोळा करा आणि डॉडमर्बच्या (संरक्षण खात्याचे वैद्यकीय मंडळ) तपासणीत काहीही लपवू नका. ओसीआयचा नियम कडक आहे: परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तेथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला भारत सरकार ते देत नाही, मुलाकडे कार्ड आधीपासून असेल तर वकिलातीला लेखी विचारून घ्या. सासूबाईंना नातवाचा गणवेशातील फोटो पाठवा, अबोला आपोआप सुटेल.

आणि १ मेच्या आत, कॉलेजप्रवेशाची अनामत रक्कम भरण्यापूर्वी, बटालियनच्या रिक्रूटिंग अधिकाऱ्याला फोन करून एका पहाटेची पीटी पाहण्याची परवानगी घ्या. यजमानांना बरोबर न्या, गाडी मात्र घरी ठेवा. मुलगा ज्या खोलीत राहणार तिच्या आसपासून निघा, तो ज्या बसने जाणार तिनेच जा, आणि निघताना व पोहोचताना घड्याळ त्यांच्या हातात द्या.