पिस्टन आधी, बोअर नंतर: जुन्या इटालियन दुचाकींबद्दल वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला की ठाण्या-नवी मुंबईतल्या पार्किंगांमधल्या ताडपत्र्या निघतात आणि मला पत्रं यायला लागतात. यंदाच्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. लॅम्ब्रेटा स्कूटरवर जास्त लिहिलं आहे, कारण घरी बांधायला ती सगळ्यात जमण्यासारखी इटालियन गाडी आहे.

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे): वडिलांची १९६८ ची लॅम्ब्रेटा १५० सोसायटीच्या पार्किंगमध्ये १९ वर्षं उभी आहे. किक जागची हलत नाही. इंजिन घरीच उघडायचं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी एक गोष्ट करू नका, ती म्हणजे किकवर उभं राहणं. इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा ब्लॉकला, म्हणजे सिलिंडरला, गंजून चिकटलेल्या असतात. जोर लावला की रिंग तुटते आणि तिचा तुकडा ब्लॉकवर खोल ओरखडा काढतो. प्लग काढा, त्या भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल मिसळून सोडा आणि चार दिवस गाडीला हात लावू नका. मग मॅग्नेटचा पंखा दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे हलवून बघा. रोज केसभर जरी हललं तरी पुरे.

तुमची गाडी इटलीची म्हणून ओळखली जाते, पण ती बनली तुमच्या घरापासून तीन स्टेशनांवर. मिलानच्या इनोचेंटी कंपनीच्या परवान्यावर ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लॅम्ब्रेटा बनवायची आणि तिचा कारखाना भांडुपला होता. पुढे १९७२ मध्ये इनोचेंटीची यंत्रसामग्री लखनौच्या स्कूटर्स इंडियाने घेतली, तिथे विजय सुपर ही स्कूटर निघाली. म्हणून इंजिनातले बरेचसे भाग आजही मिळतात. मात्र मिळतात म्हणजे बसतातच असं नाही. जुना भाग हातात घेऊन दुकानात जा आणि व्हर्नियरने माप जुळवूनच पैसे द्या.

इंजिन उतरवताना एकच बोल्ट रडवतो. अख्खं इंजिन चेसिसला एका लांब बोल्टवर टांगलेलं असतं आणि मागे शॉक अब्सॉर्बरला धरलेलं असतं. तो बोल्ट इंजिनमधल्या रबरी बुशांच्या आतल्या नळीत गंजून बसतो. थेट हातोडा मारलात तर टोकाचे आटे पसरतात आणि मग तो कुठूनच निघत नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल मारा. नट उलटा फिरवत बोल्टच्या टोकाशी समपातळीत आणा, म्हणजे मार नटावर बसेल, आणि पितळेचा दांडा मध्ये धरून ठोका. बोल्ट आधी फिरायला लागतो, मग सरकतो. इंजिन उतरवायला सोबत एक माणूस हवाच.

उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. सुटे भाग ठेवायला मी श्रीखंडाचे रिकामे डबे वापरतो आणि झाकणावर मार्करने ‘क्लच’, ‘चेनकेस’, ‘मागचं हब’ असं लिहितो. मॅग्नेट आणि मागचं हब काढायला त्यांचे पुलर विकतच घ्या. पक्कड-हातोड्याने मॅग्नेट काढून क्रँकचं टोक वाकवलेली इंजिनं मी दरवर्षी बघतो.

आता बोअरचं, म्हणजे झिजलेला ब्लॉक आतून कापून मोठा करण्याचं. आधी ओव्हरसाइज पिस्टन विकत घ्या, तो ब्लॉकसोबत वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याकडे न्या आणि पिस्टनच्या मापावर बोअर करून घ्या. ब्लॉक आधी बोअर करून मग पिस्टन शोधत फिरणारे लोक शेवटी सैल पिस्टन बसवतात. बोअर करून आणलेल्या ब्लॉकला त्याच संध्याकाळी तेल लावा. आपल्याकडच्या दमट हवेत चकचकीत बिडावर एका रात्रीत तांबूस थर येतो. रिंग टाकताना ती नुसती ब्लॉकमध्ये ठेवा, पिस्टनने ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट फीलर गेजने (वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. साधारण ०.२० ते ०.३५ मिमी असायला हवी.

बेअरिंग बसवायला ठोकाठोकी लागत नाही. चेनच्या बाजूचं ६३०५ बेअरिंग, सी३ मोकळीक (आतल्या गोळ्यांना नेहमीपेक्षा थोडी जास्त जागा) असलेलं, पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. केसिंग हीट गनने तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून उडाला की बेअरिंग सोडा, ते आपल्या वजनाने जागेवर जाऊन बसतं. तो ‘टक’ आवाज ऐकण्यासाठी मी अजूनही सकाळी लवकर उठतो.

आणि गिअरबॉक्सची शिम, म्हणजे फट भरणारी पातळ चकती, विसरू नका. एंडप्लेट घट्ट केल्यावर पहिल्या गिअरच्या बाजूला ०.०७ ते ०.३० मिमी एवढीच फट राहायला हवी. शिम वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात. फट जास्त राहिली तर गाडी चढावर गिअरमधून निसटते, आणि मग लोक वर्षभर केबल बदलत बसतात.

कागदांबद्दल दोन शब्द. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचा नियम आला. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. पण त्या नोंदणीवर गाडी रोज चालवता येत नाही, रॅली-प्रदर्शनांपुरतीच काढता येते. तुम्हाला रविवारी येऊरला जायचं असेल तर नेहमीच्या नोंदणीचंच नूतनीकरण करा. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या.

प्रश्न (ऐरोली): विजय सुपरचं इंजिन नवीन बांधलं. गरम झालं की आपोआप रेस होतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी खाली येत नाही. मेकॅनिकने कार्ब्युरेटर दोनदा बदलला.

उत्तर: कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा बदलू नका आणि हे निस्तरेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. इंजिन कुठून तरी हवा ओढतंय. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो तो बंद कप्पा, हाच पंप असतो. मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील गळलं की तिथून कोरडी हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन रेस होतं आणि पेट्रोलमध्येच मिसळलेलं तेल पिस्टनला कमी पडतं. प्लग काढून बघा, तो पांढुरका पडलेला असणार. इंजिन रेस होत असताना चोक ओढल्यावर जर ते शांत झालं, तर खात्रीच समजा.

हे मी स्वतः भोगलं आहे. घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढावर माझ्या इंजिनचा आवाज एकदम कोरडा झाला आणि मी क्लच दाबेपर्यंत मागचं चाक घासत गेलं. मागून ट्रक येत होता. घरी उघडल्यावर दिसलं की क्रँक आत सरकवताना त्याच्यावरच्या चावीच्या (मॅग्नेट जागेवर धरणाऱ्या छोट्या तुकड्याच्या) खाचेच्या धारेने सीलची ओठपट्टी कापली गेली होती. तेव्हापासून मी त्या खाचेवर पातळ टेप गुंडाळतो, सीलला ग्रीस लावतो आणि मगच क्रँक सरकवतो. टेप नंतर आठवणीने काढायची.

इंजिन गाडीत चढवण्याआधी गळती तपासायची सोपी पद्धत आहे. इनलेट आणि एक्झॉस्ट रबराच्या पट्टीने आणि पत्र्याने बंद करा. बीपी मोजायच्या जुन्या मशीनचा रबरी फुगा आणि डायल नळीने जोडा. काटा २५० पर्यंत न्या आणि सहा मिनिटं थांबा. काटा उतरला तर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा: दोन्ही सील, ब्लॉकचा तळ, हेड, इनलेट. फुगे जिथे येतील तिथे दोष. इनलेटच्या नळीचा चेहरा वाकलेला निघाला तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तो इंग्रजी 8 काढल्यासारखा घासा.

सील घेताना व्हायटॉनचीच, म्हणजे इंधनात टिकणाऱ्या रबराचीच, मागा. आता आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या पद्धतीचं रबर त्यात फुगतं आणि मऊ पडतं. हेच पेट्रोल-पाइप आणि कार्ब्युरेटरच्या सुईच्या टोकालाही लागू आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पत्र्याची टाकी अर्धी भरून महिनाभर ठेवू नका. गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करा.

प्रश्न (नेरुळ): लॅम्ब्रेटाची जीपी १५० घेतली आहे. २०० सीसीचं किट, डिस्क ब्रेक, पुढचे पत्रे कापून स्पोर्टी रूप आणि मॅट रंग असा बेत आहे. आरटीओची अडचण येईल का?

उत्तर: येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीवरच्या मूळ तपशिलाशी गाडी जुळली पाहिजे. सीसी वाढवली की जुळत नाही. मालकाने असा फेरफार केल्यास कलम १८२ए खाली प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही तेच कलम पुढे करते. रंगाचं सोपं आहे. नवी मुंबईच्या आरटीओत अर्ज करा आणि आरसीवर नवा रंग चढवून घ्या.

आता माझं मत, आणि ते मी मनापासून सांगतो. पत्रे कापू नका. जीपीचं रूप इटलीतल्या बर्तोने स्टुडिओने १९६९ साठी रेखाटलं. हेडलाइटपासून शेपटीपर्यंत ती एकच रेघ आहे. कापलेला मूळ पत्रा परत मिळत नाही, आणि बाजारात मिळणाऱ्या नव्या पत्र्याच्या कडा जुळवताना पेंटरच्या नाकी नऊ येतात. उलटा फिरवता येईल असा बदल खुशाल करा. १२ व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन घाला: ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची कटकट जाते, पामबीच रोडवर रात्री समोरचं दिसतं, आणि जुनं मॅग्नेट-कॉइल डब्यात ठेवलं की कधीही परत बसवता येतं. चांगले शॉक टाका, नवे ३.५०-१० चे टायर टाका, सीट आवडीची शिवून घ्या.

डिस्क ब्रेकचं म्हणाल तर लॅम्ब्रेटाने टीव्ही १७५ ला तो १९६२ मध्येच दिला होता, त्यामुळे ही हौस परकी नाही. पण आधी आहे तो ड्रम नीट करून बघा. ड्रम लेथवर गोल करून घ्या, नवे शू त्याच्या गोलाईला घासून बसवा, केबल तीव्र वळण न देता न्या. बहुतेकांचा ब्रेक इथेच सुधारतो.

प्रश्न (खारघर): सेकंडहँड डुकाटी मॉन्स्टर ७९५ मिळते आहे. धावली कमी आहे, पण दोन पावसाळे उभी होती. घरी काय करू शकतो?

उत्तर: किलोमीटरच्या आकड्यावर भाळू नका. या ८०३ सीसीच्या इंजिनात कॅमशाफ्ट दातेरी रबरी बेल्टवर फिरतात आणि बेल्ट वयानेही म्हातारे होतात. डुकाटीच्या डेस्मो पद्धतीत व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंगऐवजी वेगळा रॉकर असतो. फाबिओ तालियोनी यांनी ती १९५० च्या दशकात रेसिंगच्या गाड्यांवर आणली. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो आणि इंजिनच जातं. बेल्ट कधी बदलले याचं बिल नसेल तर ते बदललेच नाहीत असं धरा आणि इंजिन सुरू करण्याआधी बदला. खुणा जुळवायचा संयम असेल तर हे काम घरी जमतं. व्हॉल्व्हच्या शिम मात्र डेस्मो शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या, उघडताना आणि बंद होतानाची अशी दोन वेगळी मापं जुळवावी लागतात.

घेण्याआधी टाकी तपासा. या पिढीच्या मॉन्स्टरला वरच्या कवचाखाली प्लॅस्टिकची टाकी आहे आणि इथेनॉलने असं प्लॅस्टिक फुगतं. टाकीचे बोल्ट सोडा आणि पुन्हा लावून बघा. भोकं जुळत नसतील, टाकी ओढून-ताणून बसवावी लागत असेल, तर किंमत कमी करून घ्या. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. बाकी ब्रेक ऑइल, बॅटरी आणि चेन ही रविवारची कामं आहेत.

प्रश्न (कोपरी): चेसिसला पावडर कोटिंग करू की रंग?

उत्तर: चेसिसला पावडर, दिसणाऱ्या पत्र्यांना रंग. भट्टीत देण्याआधी सगळे आटे आणि बेअरिंगच्या वाट्या झाकून घ्या. चेसिस नंबरवर पावडरचा जाड थर चढू देऊ नका, आरटीओत त्यावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा काढतात. इंजिनच्या केसिंगला वाळूचा मारा अजिबात नको. वाळू भोकांत अडकते आणि पहिल्या ५० किलोमीटरमध्ये नवी बेअरिंग खाते.

प्रश्न (कळवा): लॅम्ब्रेटा बांधून झाली, पहिल्या किकला सुरू झाली. आता कशी चालवू?

उत्तर: अभिनंदन, मनापासून! पहिले ५०० किलोमीटर पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिलि टू-टी ऑइल घाला. पुढे मी ३० वर येतो. एकाच वेगात लांब पळवू नका, ॲक्सिलरेटर उघडत-मिटत राहा. गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचं ऑइल ७०० मिलि, जीएल-४ प्रतीचं. क्लचही त्याच ऑइलमध्ये असतो. ते ऑइल ५०० ला बदला आणि गाळून बघा, धातूची बारीक पूड चालते, चकत्या दिसल्या तर उघडावं लागेल.

आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर घरी येऊन मागच्या हबचा मोठा नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. त्याला २१ किलोग्रॅम-मीटर इतका ताण लागतो, साध्या पान्याने तेवढा बसत नाही. तो सैल राहिला तर हब आपल्या कोनवर डुलतं आणि आतल्या खाचा झिजून संपतात. पाना लावल्यावर नट जराही फिरला तर पुढच्या ५० नंतर परत तपासा, आणि तो हलायचा थांबेपर्यंत मागे कोणाला बसवू नका.