चीनमधील उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांकडून इंग्रजी आकलनाचा सराव कसा करून घ्यावा?

तेथे शिकवायला निघालेल्यांनी आधी गाओकाओ या प्रवेशपरीक्षेची नवी राष्ट्रीय प्रश्नपत्रिका पाहावी. १५० पैकी ५० गुण वाचनाला असून त्यांतील ३७.५ गुण चार उताऱ्यांवरील १५ बहुपर्यायी प्रश्नांना आणि १२.५ गुण रिकाम्या जागांच्या उताऱ्याला असतात. या उताऱ्यात सात वाक्यांतून पाच निवडून योग्य जागी बसवायची असतात.

माझ्या मते खरी अडचण शब्दसंग्रहापेक्षा वाक्यरचनेची आहे. चिनी भाषेत विशेषण-वाक्यांश नामाच्या आधी येतो, अगदी आपल्या ‘काल आलेला माणूस’सारखा, इंग्रजीत मात्र ‘द मॅन हू केम येस्टरडे’ असे नाम आधी आणि त्याचे वर्णन मागाहून येते, त्यामुळे वर्णन लांबले की विद्यार्थी मुख्य क्रियापद शोधताना भरकटतो. (मराठी शिक्षकाला हे समजावणे त्यामानाने सोपे जावे.) म्हणून रोज एकच उतारा घ्यावा, त्यातील दोन-तीन लांब वाक्यांत कर्ता आणि मुख्य क्रियापद अधोरेखित करायला लावावे, आणि प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातील नेमकी ओळ दाखवायला सांगावे, ओळ दाखवता आली नाही, तर बरोबर आलेले उत्तरही अंदाजच समजावे.

रिकाम्या जागांसाठी ‘धिस’, ‘दे’, ‘हाउएव्हर’ यांसारखे शब्द मागच्या-पुढच्या वाक्याशी जुळतात का, ते तपासायची सवय लावावी. घड्याळ लावून सराव नंतर करावा; संपूर्ण प्रश्नपत्रिकेला १२० मिनिटे असतात आणि त्यांतच लेखनही उरकायचे असते.