वाचक विचारतात: १४ टीमचा बॉलर आणि गावातले टोमणे

प्रश्न: दादा नमस्कार, देवगडजवळच्या एका गावातून लिहितेय. माझा मुलगा २४ वर्षांचा, टेनिस बॉलचा फास्ट बॉलर. दिवाळी झाली की याच्या टुर्नामेंट सुरू, आज मालवण, परवा राजापूर, मग खेड, आणि दर वेळी टीम वेगळी, टी-शर्ट वेगळा. गावात त्याला ‘भाड्याचो बॉलर’ म्हणतात, मला ऐकून वाईट वाटतं. आता त्याने मोबाईलवर बघितलंय की अमेरिकेत बेसबॉलचा एक बॉलर १४ टीमकडून खेळला, आणि दिवसभर मला तेच ऐकवतो. खरंच असं असतं का? पोट कसं भरतं त्या माणसाचं?

उत्तर: ताई, पोरगा थापा मारत नाहीये. त्या बॉलरचं नाव एडविन जॅक्सन. तिकडे बॉलरला पिचर म्हणतात, तो रनअप घेत नाही, उंचवट्यावर उभा राहून साडेसाठ फुटांवरून फेकतो, तेही कोपर वाकवून, म्हणजे आपल्याकडे पहिल्याच बॉलला ‘थ्रो आहे थ्रो’ म्हणून बोंब होईल. २००३ ते २०१९ एवढ्या काळात हा माणूस वरच्या लीगमधल्या, म्हणजे मेजर लीगमधल्या, ३० पैकी १४ टीमकडून खेळला.

आता गंमत बघा. २५ जून २०१० ला अॅरिझोनाकडून खेळताना त्याने समोरच्या टीमला पूर्ण मॅचमध्ये एकही हिट (म्हणजे बॉल मारून सुखरूप बेसवर पोचणं) मिळू दिली नाही, याला नो-हिटर म्हणतात, कित्येक नावाजलेल्या पिचरना जन्मात एकदाही जमत नाही ते, आणि त्यासाठी त्या दिवशी त्याने १४९ बॉल टाकले. एवढं केल्यावर माणसाला डोक्यावर घेऊन नाचतील ना? ३० जुलैला त्याला शिकागोला देऊन टाकला. पुढच्या वर्षी तर शिकागोने सकाळी टोरांटोला दिला आणि टोरांटोने त्याच दिवशी सेंट लुईसला, टोरांटोची जर्सी अंगाला लागलीच नाही. पण त्याच सीझनला सेंट लुईस वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिकडची सीझनची फायनल, जिंकली! आणि टोरांटोची जर्सी अखेर ८ वर्षांनी घातली, तीच त्याची चौदावी टीम.

असं का होतं, तर तिकडे करार टीमच्या हातात असतो, बहुतेक खेळाडूंना न विचारता दुसरीकडे पाठवता येतं. आणि सीझनला १६२ मॅच, त्यामुळे प्रत्येक टीमला सतत कोणाचा तरी फ्रेश हात लागतोच. तिकडे मॅचचा विजय-पराभव एका पिचरच्या नावावर लिहितात, जॅक्सनच्या नावावर १०७ विजय आणि १३३ पराभव आहेत, म्हणजे सुपरस्टार नव्हेच, पण बोलावलं की येणार आणि ओव्हर टाकणार (तिकडे ओव्हर नसतात, पण तुम्हाला कळलं). माझ्या मते १४ जणांनी बोलावणं ही नालायकी नाही ताई. हां, कोणीच कायमचं ठेवून घेतलं नाही हेही तितकंच खरं, ते मुलाला सांगा.

आता पोटाचं. खालच्या, म्हणजे मायनर, लीगमध्ये हाल असतात. २०२३ च्या करारानंतरसुद्धा सगळ्यात वरच्या मायनर लीगला, म्हणजे ट्रिपल-ए ला, वर्षाला कमीत कमी ३५,८०० डॉलर, आणि त्याच वर्षी मेजर लीगला कमीत कमी ७ लाख २० हजार. हिशोब केला तर वर दहा दिवस राहिलं की खालच्या वर्षभराच्या पगारापेक्षा जास्त मिळतात, म्हणून पस्तिशीतले पिचरसुद्धा बॅग भरून फोनची वाट बघत बसतात. वर ४३ दिवस भरले की पेन्शनचा हक्क लागतो. हे सगळं खेळाडूंच्या युनियनने भांडून मिळवलंय.

तुमच्या मुलाच्या मागे युनियन नाही आणि लेखी करारही नाही, खरा फरक इथे आहे, टी-शर्टचा रंग बदलण्यात नाही. म्हणून पैसे मॅचच्या आधी ठरवून घ्यायचे, ‘बक्षीस मिळालं की बघू’ म्हणणाऱ्याकडे जायचं नाही. आणि खांदा कोपर सांभाळायचं. एका दिवशी तीन मॅच टाकून रात्री बाईकवरून दुसऱ्या तालुक्यात जाणं बंद. पावसाळ्यात चार महिने हाताला सुट्टी मिळते ती घ्यायची. आंब्याच्या सीझनला पेट्या तेवढ्या उचलायला लावू नका, म्हणजे उचलू दे पण मॅचच्या आदल्या दिवशी नको.

प्रश्न: टेनिस बॉलवाला पोरगा बेसबॉलला जाऊ शकतो का? (दापोली)

उत्तर: रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघे उत्तर प्रदेशातले भालाफेकवाले, २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्गच्या बेसबॉल टीमने दोघांना करार दिला. दिनेशला २०१० मध्ये सोडलं. रिंकू खालच्या लीगमध्ये बरीच वर्षं टिकला, पण हाताच्या दुखापतींनी अडवला, मेजर लीग काही गाठता आली नाही, मग तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला. आणि हे दोघे गेले तेव्हा विशीच्या आसपास होते, तुमचा मुलगा किती वर्षांचा ते पत्रात लिहिलंच नाहीत.